फिएटची पुढची सीट

डोळ्यांच्या दवाखान्यात मिताली नंबर यायची वाट पाहत होती. समोरच्या बाकावर मामा-भाचे गाडीवरून हुज्जत घालत होते. मध्ये मामी बसली होती, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

“मामा, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाका फिएट. नवी मारुती घ्या, मख्खन चलती है.”

“पुढे तिघं बसतात तिच्यात?”

“दोनच. मध्ये गिअर आहे ना.”

“मग नको. महूला जाताना मागे मिलची मंडळी, पुढे मी, ही आणि आई. आईला गाडी लागायची, म्हणून ती खिडकीशी. ही मला खेटून. वळणावर खांद्याला खांदा लागायचा, रत्नपाल.”

“क्या मामा! आजी गेली, मिल बंद पडली, मंडळी पांगली. आता भाजी आणायची, दवाखान्यात यायचं. त्याला छोटी गाडीच बरी. मामी, तुम्हीच सांगा.”

“तिला काय विचारतोस? तिला तीच जागा आवडते.”

“कोण म्हणालं?”

“म्हणजे?”

“एकीकडे तुमचा खांदा, एकीकडे सासूबाईंचा पदर. महूचा रस्ता मी कधी धड पाहिलाच नाही. एकदा खिडकीशी बसून जायचंय मला.”

“अगं, आई गेल्यावर खिडकी मोकळीच होती की.”

“तुम्ही कधी म्हणालात, सरक म्हणून?”

आतून मितालीचं नाव पुकारलं. ती उठली नाही.

“रत्नपाल.”

“बोला मामा.”

“त्या मारुतीची काच पूर्ण खाली जाते का रे?”