दिवाणखान्याची शेगडी

इटलीत, डोंगरातल्या बेल्लूनोतल्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एर्मेस आणि त्याची बायको ऑर्नेल्ला उभी होती. त्यांना खोली गरम ठेवणारी, लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी घ्यायची होती.

"सगळ्यात मोठी दाखवा. मेहुण्याकडे बारा किलोवॉटची आहे."

"ठेवणार कुठे, एर्मेसभाऊ?" दुकानदारानं विचारलं.

"वरच्या दिवाणखान्यात."

"तिथे बसतं कोण?"

"पाहुणे."

"शेवटचे पाहुणे सासरे वारले तेव्हा आले होते," ऑर्नेल्ला म्हणाली. "आम्ही राहतो तळघरातल्या स्वयंपाकघरात. कोट घालून मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळते मी."

"मग तिथे सहाची पुरेल, वहिनी."

"तळघरात ती बघणार कोण?" एर्मेस उसळला.

"घे बाबा, मोठीच घे. उद्यापासून मी पुढच्या दाराची बेल वाजवून दिवाणखान्यात येऊन बसेन. पाहुणीला जेवायला काय करायचं, ते तू तळघरात जाऊन बघ."