क्रीम घातल्यावर चाळीस मिनिटं

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय मथुराताई सुर्वे, आपल्या संस्थेचे प्राचार्य श्री. विनीत मयेकर सर, व्यासपीठावरची ही नवा टॉवेल घातलेली रिकामी खुर्ची आणि तिच्यावर थोड्याच वेळात विराजमान होणारे सन्माननीय प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती करुणाबाई तांबे, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे वडील बाबाजी जाधव, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थिनी आणि या उकाड्यात पुठ्ठ्यांनी वारा घेत बसलेले सर्व रत्नागिरीकर, आपणा सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी गुरुप्रसाद शिवलकर. या संस्थेत तारतंत्री हा विषय शिकवतो. म्हणजे वायरमन. माझं नाव खरं तर पत्रिकेत नाही. पत्रिकेप्रमाणे दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, तीन मनोगतं झाली. आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते टार्ट कापून अल्पोपाहार, असं छापलंय. पाहुणे अजून वाटेत आहेत. तेव्हा मयेकर सर मला म्हणाले, "शिवलकर, तुम्ही बोला. तुम्हाला बोलायला विषय लागत नाही." ही स्तुती आहे असं समजून मी उभा आहे.

आता चार चाळीस झालेत. हे मी घड्याळ बघून मुद्दाम सांगतोय. का, ते सांगतो.

तिथे बाजूच्या टेबलावर, जाळीखाली, ताटभर ते जे दिसतायत ना, ते टार्ट. आमची बेकरीची विद्यार्थिनी श्रद्धा शेजारी उभी राहून वारा घालतेय. ज्यांनी कधी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली पदर सुटलेली खुसखुशीत वाटी, तिच्यात थंड क्रीम, वर ताज्या फळांच्या फोडी. आज शेवटचा हापूस आहे, बागेत जाऊन वेचलेली करवंदं आहेत आणि वरून आमसुलाच्या पाकाचा हात फिरवलाय. आपल्या चिरोट्याला कसे पदर असतात? तसेच. फक्त चिरोट्याला साटा लावून आपण तळतो, इथे लोण्याचा थर घालून, लाटून, घडी घालून, थंड करून, पुन्हा लाटून, पुन्हा घडी घालून भाजतात. लोणी आत घट्ट राहिलं तर पदर सुटतात. वितळलं तर जाडजूड पुरी होते. आता मला सांगा, मे महिन्यात रत्नागिरीत लोणी घट्ट राहील का? माणूस घट्ट राहत नाही.

पण करुणाबाईंनी इथे बेकरी शिकवताना सत्तावीस वर्षं ते ठेवलं. कडाप्प्याच्या फरशीखाली बर्फाचे ट्रे सरकवायचे, पहाटे पाचला कणीक हातात घ्यायची, मधूनमधून मनगटं माठाच्या पाण्यात बुडवायची. "हात तापला की सोडायचं. कणीक तुमच्यासाठी थांबत नाही," हे त्यांचं वाक्य शेजारच्या वर्गात बसून मला पाठ झालंय. एकदा परीक्षेच्या दिवशी वीज गेली. फ्रिज बंद. जनरेटरने माझ्या हातात जीव सोडला. मी वायरमनचा मास्तर, आणि सोळा मुली माझ्याकडे बघतायत. दुसरं काही सुचेना, म्हणून स्कूटर काढली आणि मिरकरवाड्याहून मासळीचा बर्फ गोणभर घेऊन आलो. बाईंनी गोणीला नाक लावलं. म्हणाल्या, "शिवलकर, बर्फाला बांगड्याचा वास येतोय." म्हटलं, "बाई, बांगडा फुकट आलाय." त्या हसल्या नाहीत. बर्फ चार प्लास्टिकांत गुंडाळून फरशीखाली घातला आणि पदर सुटले.

त्या दिवशी परीक्षक मात्र जेवून आले. सुरमईची थाळी होती बहुतेक, दीड तास उशीर. आणि टार्टचं असं आहे की क्रीम घातल्यापासून चाळीस मिनिटं. फार तर पंचेचाळीस. आपल्या हवेत तेवढंच. नंतर ओल खाली उतरते आणि सगळी मेहनत शिऱ्यासारखी होते. परीक्षकांनी खाल्लं आणि शेरा लिहिला, "कुरकुरीतपणा कमी." एक मुलगी रडायला लागली. बाई तिला म्हणाल्या, "रडू नको गो. वेळेवर येणाऱ्याला कळलं असतं." सत्तावीस वर्षांत वेळेवर आलेले परीक्षक मी एका हाताच्या बोटांवर मोजीन, तरी दोन बोटं उरतील.

काय रितेश? चिठ्ठी? आमचे क्लार्क रितेश चिठ्ठी घेऊन आलेत. "साहेब पावसला आहेत. बोलत राहावे." बरं. आपले प्रमुख पाहुणे पावस गावात काय करतायत, ते लिहिलेलं नाही.

तर मी बाबाजींबद्दल बोलणार होतो. बाबाजी, बसून राहा, उठू नका. हे करुणाबाईंचे वडील. वय वर्षं शहाऐंशी. आज सकाळी सावर्ड्याहून पुतण्याच्या गाडीने आलेत. गुडघ्यांमुळे दहा वर्षं गाव सोडलेलं नाही. यांनी एकतीस वर्षं मुंबईत एका मोठ्या हॉटेलात नोकरी केली, बेकरी खात्यात. बेकर म्हणून नव्हे. ट्रे धुवायला. पाहुण्यांना सकाळी जायचं ते ताजं. कामगारांना मिळायचं ते दुसऱ्या दिवशी, उरलेलं असेल तर. बाबाजींनी एकतीस वर्षांत हजारो टार्ट बघितले असतील. ताजं एकही खाल्लं नाही. पण मोरी आणि सजावटीचं टेबल यांच्यामध्ये एक लाकडी फळी होती, आणि पलीकडे मोठा आचारी रोज सकाळी पहिला नग मोडून तपासायचा. तो मोडण्याचा आवाज यांना ऐकू यायचा. रोज.

हे मला बाईंनी सांगितलंय. लहानपणी बाबाजी मे महिन्यात सुट्टीवर यायचे, तेव्हा खोक्यातून तसलं एखादं टार्ट आणायचे. आधीच शिळं, त्यात रात्रभराचा प्रवास. लगदा झालेला असायचा. पोरं चाटूनपुसून खायची आणि बाबाजी सांगायचे, "ह्याला खरा आवाज असतो गो. बागेत सुक्या पानांच्या पातेऱ्यावर पाय पडला की कसा होतो, तसा." करुणाबाईंनी हा कोर्स का निवडला, असं कुणी विचारलं तर त्या 'आवड होती' म्हणतात. मला विचाराल तर तो आवाज शोधायला आल्या.

तुम्ही म्हणाल, मग सत्तावीस वर्षांत बापाला एक टार्ट खाऊ घालता आलं नाही? हाच तर प्रश्न आहे. घरी ओव्हन नाही. इथला माल प्रशिक्षणाचा, तो बाहेर न्यायचा नाही. प्रात्यक्षिकाच्या खोलीत बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. तुम्ही-आम्ही हे नियम किती पाळतो ते माझ्या घरातल्या होल्डरना विचारा. बाईंनी पाळले. एकदाच, एका दिवाळीला, स्वतःच्या पैशाने सगळं सामान आणून, सरांची लेखी परवानगी घेऊन, त्यांनी एक टार्ट केलं आणि डबा मांडीवर धरून एस.टी.ने सावर्ड्याला गेल्या. अडीच तास लागले. बाबाजींनी खाल्लं. म्हणाले, "ग्वाड हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "आवाज नाय."

बाई सोमवारी परत आल्या तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले बाबा? तर म्हणाल्या, "आवडलं त्यांना." आणि कडाप्पा पुसत राहिल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मी फ्रिज दुरुस्त करू शकतो, अंतर दुरुस्त करू शकत नाही.

आणि आता यापुढे बेकरीचा कोर्स इथे नाही. ओव्हन उद्या दुसऱ्या केंद्रावर जाणार. त्याची वायर आज सकाळी टार्ट भाजून झाल्यावर मीच काढली. म्हणजे ती जी जाळीखाली आहे, ती शेवटची खेप. बाईंनी पत्रिका छापायच्या आधी सरांना एकच विनंती केली होती, अल्पोपाहार बाहेरून नको, मी करते. कुणासाठी, ते आता तुम्हाला कळलं असेल.

चार अठ्ठेचाळीस.

आता एक कबुली. क्रीम आणि फळं साहेब आल्यावरच घालायची असं ठरलं होतं. वाट्या कोरड्या, क्रीम फ्रिजमध्ये, फोडी चिरून तयार. फाटकावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. सव्वाचारला एक पांढरी गाडी आत आली. मागे पडदे, पुढे ड्रायव्हर टोपीवाला. आणि मी, गुरुप्रसाद शिवलकर, वय वर्षं चोपन्न, मी मोठ्याने आरोळी ठोकली, "साहेब आले!" बाईंनी झटक्यात क्रीम घातलं, श्रद्धाने फोडी लावल्या, वरून पाक फिरवला. गाडीतून कोल्हापूरचे एक आंब्याचे व्यापारी उतरले आणि मला विचारायला लागले, "ओ पाव्हणं, भाट्याची बाग कुठल्या अंगाला?"

हसू नका. मला रडू येत होतं. बाईंनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सव्वाचार अधिक चाळीस म्हणजे चार पंचावन्न. मी मघाशी त्यांच्या कानात म्हटलं, "बाई, सुरू करूया का? निदान बाबाजींना एक देऊया." तर म्हणाल्या, "पत्रिकेत छापलंय ना पाहुण्यांच्या हस्ते? मग तसंच." मयेकर सरांना विचारलं, ते म्हणाले, अध्यक्षांना विचारा. मथुराताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, माझी काही हरकत नाही, पण साहेबांना काय वाटेल? आता साहेबांना काय वाटेल हे कुणाला विचारायचं? ते पावसला आहेत. इथे सगळी चांगली माणसं आहेत, कुणाच्या मनात वाईट नाही, आणि आपण सगळे मिळून ते टार्ट मऊ होताना बघत बसलोय.

पुन्हा चिठ्ठी. वाचतो. "साहेब आंब्याच्या पेट्या भरून घेत आहेत. अजून पाऊण तास. बोलत राहावे."

पाऊण तास.

बोलीन की मी. माझं काय जातंय? बाईंच्या शिस्तीवर बोलीन, गुणांवर बोलीन, त्यांच्या सहाशे विद्यार्थिनी कुठे कुठे बेकऱ्या चालवतात ते सांगीन. गुहागरच्या मनालीने तर घराच्या पडवीत भट्टी घातलीय. पाऊण तास सहज जाईल. आणि मग साहेब येतील, शाल घालतील, सुरी फिरवतील, आणि बाबाजी पुन्हा एकदा म्हणतील, "ग्वाड हाय."

नाही. मंडळी, भाषणाच्या शेवटी आपण म्हणतो, काही चुकलं असेल तर माफ करा. माझी चूक अजून व्हायची आहे, पण माफी मी आधीच मागून ठेवतो. मथुराताई, माफ करा. मयेकर सर, माफ करा, मेमो द्यायचा तर सोमवारी द्या. श्रद्धा, ती जाळी काढ. एक उचल आणि बशीत घालून बाबाजींना दे. सुरी नको, आख्खं दे. कुणीतरी तो पंखा बंद करा. हो, उकडेल, वाईच सोसा. हा माइक मी स्टँडवरून काढतोय. वायर पुरते, मीच ओढलीय.

बाबाजी, घ्या.

घ्या हो. काय म्हणताय? मोठ्याने बोला, माइक आहे. "साहेबांचा पहिला होऊं दे. मगे आमी."

ऐकलंत? एकतीस वर्षांची सवय आहे. बशी मांडीवर घेऊन बसलेत आणि हात लावत नाहीत. आता मी काय करू? यापुढे माझ्या हातात काही नाही. मयेकर सर, तुम्ही माझ्याकडे बघू नका, मलाही कळत नाही. चार चौपन्न झालेत.

बाई, तुम्ही कुठे? सावकाश. पायरी आहे.

मंडळी, करुणाबाई खाली आल्यात. व्यासपीठ सोडून. हार गळ्यात तसाच आहे. वडिलांच्या समोर जमिनीवर बसल्यात. मी माइक जवळ धरतो, मला ओरडलात तरी चालेल.

"बाबा, खावा. मऊ पडतंय."

"अगो, पण साहेब..."

"साहेब चहा पितील. तुमी खावा."

शू... कुणी बोलू नका.

ऐकू आलं? मागच्या रांगेत आलं? तळ मऊ झालाय, मला दिसतंय, क्रीम उतरलंय. पण कडा शाबूत होती. बाबाजी, डोळे मिटलेत का? काय म्हणता? राहू दे, पुन्हा सांगू नका, माइक होता. सगळ्यांनी ऐकलं.

"तोच हाय गो. तोच आवाज."

आता मी बसतो. अध्यक्षांचे, प्राचार्यांचे, पहाटेपासून राबणाऱ्या मुलींचे आणि उकाड्यात शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुणाचं नाव घ्यायचं सुटलं असेल, तर ते माझ्या अडाणीपणावर घाला आणि पोटात घाला. टार्ट सगळ्यांना आहे, लगेच या, चार मिनिटं तरी आहेत.

आणि रितेश, तू हात करतोयस, फाटकावर पांढरी गाडी आलीय म्हणतोस. असू दे. मघाशी माझी चूक झाली होती, तेव्हा या वेळी ती साहेबांचीच आहे का, याची नीट खात्री करून घे. बाबाजींचं खाऊन होईपर्यंत करत राहा.