पटावरचं एक नाव

हॅलो? …शुभांगी? मी ताई. पेठहून, स्टँडवरच्या बूथवरून… हो, हो, बरी आहे. अगं ऐक ना, जीपवाला सोमा बाहेर हॉर्न मारतोय, तो गेला की पाड्यापर्यंत तंगडतोड. माझ्या भाग्यश्रीला परवा पहिल्या एस.टी.ने इकडे घेऊन ये… एका दिवसासाठी… बुडू दे गं तिची शाळा.

नाही, मला काही झालेलं नाही. साहेब येतायत, पोरं मोजायला… कुठली पोरं? निम्मी शाळा आईबापांबरोबर द्राक्षाच्या कामाला गेली, दिंडोरीकडे. पट भरला नाही तर दोनातला एक शिक्षक उचलतील. धोंडीराम गुरुजी जुने, म्हणजे मीच… कुठे म्हणजे? सुरगाण्याच्याही पलीकडे टाकतील. रविवारी तुझ्याकडे येऊन लेकीचं तोंड दिसतं, तेही गेलं मग.

हो… तिचं नाव आहे आमच्या पटावर. जूनमध्येच घातलंय… ओरडू नकोस गं. खोटं आहे, कळतं मला.

फिरले ना घरोघर. पोरं आजीपाशी ठेवून जा म्हटलं. तर सावित्रीबाई… अगं, आमच्या तिसरीतल्या पुंजाची आई. म्हणाली, ‘बाई, तुमी तुमची पोर मागं ठेवली, तर दर सोमवारी डोळं सुजवून येता. आमाला तेच करायला सांगता का?’ …मान खाली घालून परत आले.

दे तिला… भागू? …हो, माझ्या शाळेत बसायचं… कुठलाही फ्रॉक चालेल… संध्याकाळी? संध्याकाळी मावशीबरोबर परत… का गं? …इथेच? इथे लाइट नसते, सोना. रोज नागलीची भाकरी… मुसमुसू नकोस. अगं, मग आधी का नाही बोललीस? …हो. ऐकलं मी. मावशीला दे.

शुभे, उद्या तिच्या शाळेत जा आणि दाखला काढ… हो, खराखुरा… यांना मी सांगते, मनमाडला फोन करून… साहेबांसाठी नाही गं. बदली गेली खड्ड्यात, टाकतील तिथे दोघी जाऊ. स्वेटर टाक तिचा, आणि उशी… तिला दुसरी चालत नाही… हॅलो? शुभे? उशी म्हटलं… हॅलो?

…आले रे सोमा. लाइन गेली. परवा पुढची जागा धरून ठेव, माझी मुलगी येतेय… नाही, एका दिवसासाठी नाही. राहायला.