मामंजींची डबी

“पोरगी नांदायला आली अन् लगेच खोकून राहिली — माहेराहूनच आणलं असंल. थुंकीचा निकाल वाईट निघाला की सोडून ये तिला शिरूरला,” — असं आत्याबाई, माझ्या सासूबाई, ह्यांना सांगत होत्या, ताई. ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. मधी नुसता पत्रा, अन् पत्र्याअल्याड मी भाकरी थापून राहिले! खोकले होते खरी — पण मसाल्याची मिरची कुटताना. तेव्हा तर म्हैसबी खोकली, तिला न्हाई कोणी माहेरी धाडलं.

ही तुमची मशीन मात्र लई आवडली मला. रुखवतात मिळालेल्या माझ्या शिलाई मशीनएवढीबी न्हाई, अन् लाईट गेली तरी चालून राहिली. थुंकीतल्या टीबीच्या जंतूचा डीएनए ओळखती म्हणता — अन् थुंकी कोणाची, सुनेची का सासऱ्याची, ते? न्हाई ना ओळखत? तेच तर… काही न्हाई, आपलं विचारलं.

किती वेळ अजून? तासाभरात म्हणजे दोन पंगती उठतील. आमचे मामंजी, माझे सासरे — ते काय, लिंबाखाली टोपी सावरून राहिले — गावात कुठलंबी लग्न असो, बादली त्यांच्याच हातात. “घ्या पाव्हणं, घ्या!” आमच्या लग्नात नवरदेवाचा बाप असून वाढायला उठले! पण हल्ली रांग संपायच्या आधीच बादली खाली ठेवतात, तोंडाला उपरणं लावतात. वाफ लागली म्हणे. वाफ! गार मठ्ठ्याची! अन् पहाटं न्हाणीत तांब्या आपटत खोकतात, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणून तर आज सकाळी त्यांच्या थुंकीची डबी माझ्या हातात — “तुझ्या नावानं दे, आरती. गोळ्या मिळतील त्या मला गुपचूप दे. कळलं तर माझ्या हातचं जेवंल का कोणी? तू तरणी हायस, बरी व्हशील.” — मला काही झालंच न्हाई तर बरी कशी होऊ, ताई? पण पंगतीतल्यासारखा आग्रह त्यांचा, न्हाई म्हणताच येईना. माझी डबी दिली उकिरड्यावर टाकून — अगं बाई. हे सांगायचं नव्हतं मला.

वाजली का मशीन? माझ्याकडं असं काय बघता… निघालं? मग ते नाव खोडा आधी. कोणाचं लिहू म्हणता? — सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, ताई, तुम्हीच बाहेर विचारा ना कोणाला… थांबा. आत्याबाई दारात आल्या. पदर नाकाला, डोळे माझ्यावर, अन् ह्यांना विचारून राहिल्या — शिरूरची गाडी कधी हाय म्हणून. अन् मामंजी बघा, मागं उभे, मान खाली.

“आत्याबाई, मी कुठंच जाणार न्हाई. मशीनमधली थुंकी माझी न्हाई. श्रीमंत अमृतराव मोरे — लिहा, ताई — मामंजी, आत या. रोजच्या गोळ्या मी वाढीन. न्हाई म्हणायचं न्हाई.”