पहिला क्रमांक डाव्या बुटाचा

...नाही, माझं म्हणणं एवढंच आहे की मला फक्त बूट आणायला पाठवलं होतं. दूध नाही, भाजी नाही, विजेचं बिल नाही, काही नाही. बूट! दुरुस्तीला टाकलेले मुलीचे बूट घ्यायचे, शाळेच्या फाटकाशी बस उभी असेल, तिथे तिच्या हातात द्यायचे आणि मुकाट्याने घरी यायचं. शेंबडं पोरसुद्धा करील असं काम. आणि तुम्हाला सांगतो, शेंबड्या पोराला पाठवलं असतं तर झालंही असतं, कारण जगातला आजवरचा सर्वांत महान खेळाडू कोण, या विषयावर शेंबड्या पोराला मत नसतं. मला आहे. नुसतं मत नाही, तक्ता आहे. खिशात असतो.

आता माझी नोकरी काय, तर वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानादुकानातून काटे तपासतो, वजनं तपासतो, बरोबर असलं की सील मारतो. तेवीस वर्षं झाली. एक किलोचं वजन हातात धरून मी सांगतो, हे दहा ग्रॅमने कमी आहे. दुकानदार थरथरतात हो! मग असा माणूस, दोन खेळाडूंची नावं कानावर पडली की गप्प बसेल का? तोलणारच. लोक म्हणतात, पोहणारा आणि बॉक्सर यांची तुलना कशी करणार? अहो, हाच! हाच प्रश्न मला अकरा वर्षं छळतोय. शेवटी मी तक्ता केला. किती वर्षं टिकला, समोरचे किती तगडे होते, तो खेळ किती देशांत खेळतात, दुखापतीतून परत आला का... प्रत्येक रकान्याला वेगळं वजन, खाली बेरीज, एक ते दहा क्रमांक. ऑफिसच्या जुन्या प्रमाणपत्राच्या पाठीमागे लिहिलाय, चांगला जाड कागद असतो. बायको म्हणाली, "अहो, चमचा मोठा की चादर मोठी, असं विचारताय तुम्ही." म्हटलं, तुला नाही कळायचं.

आणि घरात काय, तर मुलगी धावते. नववीत आहे. आठशे मीटर. पहाटे उठून मैदानावर जाते, घामाघूम होऊन येते, डबा घेऊन शाळेला जाते. लाजेची गोष्ट सांगू? तक्त्यात पहिल्या आलेल्या पोहणाऱ्याच्या सगळ्या वेळा मला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत पाठ होत्या, आणि स्वतःच्या मुलीला आठशे मीटरला किती वेळ लागतो, हे मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं... आईला विचारा.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परगावी तिची शर्यत. पहिल्या तिघी पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. अडीचला बस. आणि तिच्या खिळ्यांच्या बुटांपैकी डाव्याचा तळ पुढून उचकटलेला. ती शाळेतून थेट बसमध्ये बसणार, म्हणून बायकोने मला अर्धी रजा टाकायला लावली आणि तीन वेळा सांगितलं, "फक्त बूट आणायचेत. कुणाशी बोलत बसू नका." मी म्हटलं, मी काय लहान आहे?

दीडला दुकानात पोचलो, अडीचची बस आहे म्हणून सांगितलं. हातभर रुंदीचं दुकान, समोर फळी, मागे छतापर्यंत खोक्यांचं कपाट. बूटवाले काका म्हणाले, आत्ताच चिकटवून शिवलाय, पण पाऊण तास हवा लागू द्या, घाई केलीत तर पुन्हा उचकटेल. बरोबर आहे, कामाची पद्धत असते. मी स्टुलावर बसलो. शेजारी कडेवर मूल घेतलेली एक बाई सँडलचा पट्टा शिवून घ्यायला थांबलेली. पलीकडचा औषधवाला दुकान नोकरावर सोडून टाच ठोकून घ्यायला आलेला. कुणी काही बोलत नव्हतं हो. शांतता होती. आणि मी... मी उजवा बूट हातात घेऊन उगीच म्हणालो, "धावणं काय, पोहण्यापुढे काही नाही."

संपलं!

औषधवाला एका पायावर उभा राहिला. म्हणाला, "पोहणाऱ्याला कोण मारतं का? पाणी मारतं का? बॉक्सर बघा. तोंड फुटतं, बरगडी मोडते, तरी दहा आकडे मोजायच्या आत उठतो. महान तो." काका दाभण तोंडातून काढून म्हणाले, माझा हिशेब साधा आहे, ज्याचे बूट जास्त झिजतात तो मोठा, म्हणजे लांब पल्ल्याचा धावणारा, आणि पोहणारा तर अनवाणी, त्याचं नावच काढू नका. आता सांगा, हा काय मापदंड झाला? मी तक्ता काढला. फळीवर पसरला. रकाने समजावले. ती बाई म्हणाली, "तुमच्या दहात एकच बाई? बाळंतपणानंतर परत येऊन जिंकल्या, त्यांचं वजन कुठल्या रकान्यात धरलंत?" मी म्हटलं, दुखापतीच्या. तिने माझ्याकडे असं बघितलं म्हणता, आजही आठवलं की मान खाली जाते. मग म्हणाली, "दादा, तुमची बस आहे ना?" म्हटलं, आहे आहे, अजून वेळ आहे.

मला फक्त बूट आणायला पाठवलं होतं!

पण नुसत्या तोंडाने सांगून यांना कळेना, म्हणून मी खोकी रचली. एक उंच, दोन बुटकी, बक्षीस देताना उभे करतात ना खेळाडूंना, तस्सं. पॉलिशची डबी म्हणजे बॉक्सर, ब्रश म्हणजे काकांचा लांब पल्लेवाला. आणि पोहणाऱ्याला काही मिळेना, तर तो डावा बूट, नुकता शिवलेला, चकचकीत, तो उचलला आणि कपाटाच्या अगदी वरच्या खणात, सगळ्यांच्या डोक्यावर ठेवला. पहिला क्रमांक! मी स्टुलावर चढून ठेवला हो. खाली उतरून दोन पावलं मागे जाऊन बघितलासुद्धा. औषधवाल्याने बॉक्सर एक खोकं वर चढवला, मी खाली आणला, त्याने परत चढवला, आणि ती बाई सँडल घालून निघता निघता म्हणाली, "दादा, अडीचला पाच कमी आहेत."

मग काय विचारता! बुटांचं खोकं उचललं, उजवा बूट मघाशीच त्यात ठेवला होता, झाकण लावलं, सुतळी घेतली आणि घाईतसुद्धा, सवय हो, तीन गाठी मारल्या, खात्यात सील करतो तशा. त्याआधी मनात आलं, तक्ताही टाकावा आत. पोर वाटेत वाचेल, थोरामोठ्यांचं वाचून चार गोष्टी शिकेल. घडी करून टाकला. आणि पळालो.

तुम्हाला सांगतो, सत्तेचाळिसाव्या वर्षी, पोट सांभाळत, चपलेने, मी असा पळालो की रस्त्यातली माणसं बाजूला झाली. फाटकाशी आलो तर बस सुटलेली. मी मागे! खिडकीतून मुलीने हात बाहेर काढला, आतली पोरं ओरडतायत, "काका, पळा! काका, पळा!" आणि वळणावर बस जरा हळू झाली, तेवढ्यात मी खोकं तिच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या बसमध्ये. त्यांच्या खेळाच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "वा काका!" मुलगी हसत होती. इतकी हसत होती... हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. मी हातचं कपाटावर सोडून पळत्या बसच्या पाठी लागलो होतो.

आणि दहा ग्रॅमचा फरक ओळखणारा माणूस ना मी? खोक्यात अख्खा एक बूट कमी. दोनशे ग्रॅम! अख्खा रस्ताभर छातीशी धरून पळालो आणि कळलं नाही.

घरी जाऊन काय सांगितलं असेल? सगळं. दोनदा. बायकोने चहा दिला, पाय शेकायला गरम पाणी दिलं. मी पाय बादलीत सोडून तिला समजावतोय की खरं तर वयाचं वजन धरलं तर ही माझी धाव काही कमी भरणार नाही, आणि दारावर थाप. संध्याकाळचे सात. दारात बूटवाले काका. एका पायाने अधू माणूस, तीन जिने चढून आलेला, पत्ता औषधवाल्याकडून काढलेला, धाप लागलेली. त्यांनी पिशवीतून काढून पुढे धरला. म्हणाले, "साहेब, तुमचा पहिला क्रमांक वर राहिला."

बायको माझ्याकडे बघत होती. मी बादलीत बघत होतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "फोन तुम्हीच करा." मी आधी बसस्टँडला फोन केला, रात्रीची गाडी नाही, पहाटेची गाडी पोचेपर्यंत शर्यत होऊन जाणार. शेजाऱ्याची मोटार मागितली, ती गॅरेजमध्ये. मग बाईंना फोन लावला. बाईंनी मुलीला दिला. मी म्हटलं, अगं, ते खोकं उघडलंस का? म्हणाली, "नाही बाबा, तुमच्या गाठी सुटत नाहीयेत." कौतुकाने म्हणाली हो! मग मी सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही. तिने विचारलं, "कुठला राहिला?"

म्हटलं, डावा.

"बरं."

एवढंच. "बरं." या शब्दाला वजन किती असतं, ते मला तेवीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. रात्रभर छातीवर होतं.

बूट आणायला पाठवलं होतं. दोन!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मी दारातच उभा. विचारायचा धीर होत नव्हता. तीच म्हणाली, चौथी आले. दुसऱ्या शाळेच्या एका मुलीची शर्यत आदल्या दिवशी झाली होती, तिने आपले बूट दिले. एक नंबर मोठे होते. बाई नंतर बायकोला म्हणाल्या, तिसरीत आणि हिच्यात अर्ध्या पावलाचं अंतर होतं. अर्ध्या पावलाचं! मी तुलना करायला जातो आणि बघा कशाची करायची वेळ आली, अर्धं पाऊल आणि बॉक्सरला वर-खाली केलेलं एक खोकं.

मी म्हटलं, बाळा, माझं चुकलं. फार चुकलं. ती पिशवी उपसत होती. म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा. तुमचा कागद मात्र उपयोगी पडला." आणि तिने दोन बोळे काढून माझ्या हातावर ठेवले. बूट मोठे म्हणून पुढे कोंबायला कागद हवा होता, खोक्यात माझा तक्ता सापडला, तिने मधोमध फाडून एक ते पाच उजव्यात आणि सहा ते दहा डाव्यात घातले. "जाड होता," म्हणाली, "छान बसला." टोचून बोलली नाही हो! मनापासून म्हणाली. तेच तर लागतं. मी बोळे उलगडले. अकरा वर्षांची बेरीज घामाने पुसून गेलेली, आणि पोहणाऱ्याच्या नावावर तिच्या अंगठ्याचा ठसा.

तेव्हापासून विषय सोडला. खरंच सोडला. औषधवाला परवा गोळ्या देता देता म्हणाला, "काय, मग शेवटी कोण ठरला?" मी मुकाट्याने गोळ्या घेतल्या. ऑफिसात कुणी खेळाचं काढलं तर मी पाणी प्यायला उठतो. तिची वेळ आता पाठ केलीय. दोन मिनिटं एकतीस सेकंद. बाहेर कुणाला सांगत नाही, विचारलं तर सांगतो, कुणी विचारत नाही.

परवा तिच्या बुटाचे खिळे बदलायचे होते. म्हटलं, दे, मी नेतो. ती म्हणाली, "नको, आपण दोघं जाऊ." केवढा आनंद झाला मला! पोर बापाला बरोबर घेऊन चाललीय. बघतो तर हिने दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्यात, तीन गाठी, माझ्याच पद्धतीच्या, आणि बूट गळ्यात अडकवलेत. भररस्त्याने तशीच चालली. दुकानात काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, हे काय? चोरांची भीती वाटते का?"

"चोर नाहीत काका," ती म्हणाली, "बाबा बरोबर आहेत."

मी फळीपासून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिलो, आणि हात खिशात घातले.