दुसऱ्या मजल्यावरची सवलत

व्यासपीठावर विराजमान अध्यक्षमहोदय, मुख्य कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले साहेब, सौभाग्यवती वहिनी, कर्मचारी बंधू-भगिनींनो, आणि मला खुर्चीसकट उचलून दोन जिने वर आणणारे ते दोघे कारकून... पाठ कशी आहे रे बाबांनो आता?

माझ्याआधी सगळेच साहेबांविषयी चांगलं बोलले. मीही चांगलंच बोलणार आहे. निघताना सासूबाईंनी बजावलंय, "जिभेला लगाम घाल गं बाई, सही व्हायचीय अजून." कसली सही, ते ओघाने येईलच.

पाहुण्यांसाठी सांगते. हे ऑफिस अपंगांना वाहनाच्या सवलती देतं आणि मी इथली लाभार्थी. हेडक्लार्क बाईंचा, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंचा, फोन आला की निरोपाला एक तरी लाभार्थी बोलायला हवा, बरं दिसतं. माझा उजवा पाय मांडीपासून नाही. घरोघर जाऊन मी शिलाई मशीन दुरुस्त करते. मशीनचं डोकं काखोटीला मारून बसमध्ये चढणं दोन पायांच्या माणसालाही जमायचं नाही, म्हणून माझ्याकडे गाडी आहे. ब्रेक, वेग, सगळं हातांनी चालवायचं. तिला या ऑफिसचा परवाना लागतो, आणि तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो.

दरवर्षी का? हा आगाऊ प्रश्न मी पहिल्याच वर्षी विचारला होता. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, परिस्थितीत सुधारणा होऊ शकते." काय हा आशावाद! डॉक्टरांनी हात टेकले, मी स्वतः नाद सोडला, पण साहेबांनी माझ्या पायाची आशा सोडली नाही. दरवर्षी चष्म्यावरून बघायचे आणि शेरा मारायचे, "पुढील वर्षी पुन्हा पाहावे." माझ्या आईनेसुद्धा माझ्याकडून इतकी अपेक्षा ठेवली नव्हती हो.

ही पाहणी व्हायची याच मजल्यावर. लिफ्ट आहे, नाही असं नाही. तिच्यात जुन्या फायली ठेवल्यात. मग मी कुबड्या टेकत, धापा टाकत वर यायची आणि साहेब म्हणायचे, "अरे वा, जिना चढून आलात की! मग अडचण काय आहे?" एका वर्षी तापाने फणफणले होते, आले नाही. शेरा पडला, "अर्जदार गैरहजर." म्हणजे आले तर धडधाकट, नाही आले तर गैरहजर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे साहेबांचं टेबल.

त्या वर्षी परवाना लांबला आणि गाडी दारात धूळ खात पडली. जुनी गिऱ्हाईकं दुसऱ्याकडे गेली. आमचे हे स्वतःच्या नोकरीवरून आल्यावर मशीनची डोकी खांद्यावर वाहायचे, शेवटी कंबर धरून बसले. हसताय काय? तेव्हा मी फार रडले, आणि रडण्याहून जास्त चिडले. ती चीड अजून गेलेली नाही. आज चांगले कपडे घातलेत म्हणून दिसत नाही, एवढंच.

असो. समारंभ आनंदाचा आहे. साहेबांची आणखी एक सेवा सांगायलाच हवी. खाली आवारात अपंगांसाठी राखीव जागा आहे, चाकांच्या खुर्चीचं चित्र रंगवलेली. तिथे इतकी वर्षं साहेबांची गाडी उभी असते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अहो, अपंग येतात कुठे? जागा रिकामीच तर असते." ती रिकामी राहू नये म्हणून हा माणूस रोज झिजला. टाळ्या वाजवा की! मोठ्या बाई, तुम्ही एकट्याच वाजवू नका.

आता एक छोटी अडचण. माझ्या परवान्याची मुदत आज ऑफिस सुटताना संपते. नवा अर्ज कधीचा साहेबांपुढे आहे. विचारलं की उत्तर एकच, "बघतो." उद्यापासून नवे साहेब, म्हणजे नवी पाहणी आणि गाडी पुन्हा दारात. या खेपेला खांदा द्यायला ह्यांची कंबर उरलेली नाही.

आज मी आले तेव्हा आवार भरलेलं होतं. वॉचमन म्हणाला, "ताई, साहेबांच्या गाडीमागे लावा, तेवढीच जागा आहे." लावली. आता माझी गाडी हलल्याशिवाय साहेबांची निघत नाही. माझी गाडी चालवणं या इमारतीत माझ्याशिवाय कुणाला येत नाही. ढकलावी म्हणाल, तर हँडब्रेक ओढलाय आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. भाषणं तर लांबली आणि घड्याळात बघा, ऑफिस सुटायची वेळ होत आली. मुदत संपल्यावर गाडी चालवू? छे, छे! परवान्याशिवाय चाक हलता कामा नये, हे मला साहेबांनीच शिकवलंय.

वहिनी, तुम्ही हसताय, पण घरी पाहुणे खोळंबले असतील ना?

साहेब, खिसे चाचपू नका. पेन मोठ्या बाई देतील. माझी फाईल तुमच्या समोरच्या पुष्पगुच्छाखाली आहे, तीही त्यांनीच आठवणीने आणून ठेवली.

मला बोलावलंत, वर उचलून आणलंत, माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांची आभारी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर लाभार्थी समजून पोटात घाला.

आणि साहेब, मुदतीपुढे "एक वर्ष" लिहू नका, "कायम" लिहा. मोठ्या बाई म्हणतात, तो अधिकार तुम्हाला पहिल्या दिवसापासून होता. पाय उगवलाच, तर मी स्वतः चालत येऊन कळवीन.