कम्प्युटरातलं पुस्तक घरी कोनी नेलं?

“नाही नाही केशोराव, तुमी मले बुद्दू समजू नका! कम्प्युटरातलं पुस्तक कोनी घरी कसं नेलं? थैलीत टाकून नेलं? सायकलच्या कॅरियरले बांधून नेलं? सांगा ना!”

...अन् केशोराव, म्हणजे आमच्या कॉलेजचे लायब्ररीवाले, चष्मा पुसून राहिले, पुसूनच राहिले, जसं का उत्तर काचेवरच लिहून हाये! तुमाले सांगते, अर्धा घंटा झाला होता झगडा सुरू होऊन, घड्याळात वाजले होते अडीच, अन् पाच वाजेपर्यंत माझा एम.ए.चा प्रबंध जमा नाही झाला तर वर्ष गेलं! जवान पोरीचं वर्ष गेलं तर दुसरं येते. मी अडुसष्टची! माझं गेलेलं वर्ष कोन भरून देईन, युनिव्हर्सिटी?

अन् मी मांगून काय राहिली होती? एका पानाचा नंबर!

आता हा नंबर कायचा ते आधी सांगते, नाहीतर तुमी म्हणान, म्हातारी उगाच भांडते. भांडते मी, पण उगाच नाही! शाळेत मी एक दिवस गेली नाही. पोराच्या पुस्तकातून चोरून चोरून वाचाले शिकली, मिरचीच्या पुडीचा कागद बी सोडला नाही. मंग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, अन् आता कॉलेजात रीतसर एम.ए.! आमी कोहळी, तलाव बांधणारे लोक, म्हणून प्रबंध लिहिला अर्जुनी मोरगावकडल्या आमच्या गावच्या तलावावर. साठ पानं, हातानं! तलावातून पाणी सोडायच्या तोंडाले आमी तुडूम म्हणतो. आमच्या गावी तुडूम उघडला का पहिलं पाणी सगळ्यात शेवटच्या बांधीले, म्हणजे टोकाच्या वावराले, मंग वरच्या धानाले. काऊन का, जवळचा आधी प्याला तर दूरच्याले चिखल बी भेटत नाही! हे मी लिहिलं... अन् आमच्या गाईड बिसेन मॅडम, पोरगी माझ्या नातीएवढी, तिनं त्याच्याभोवती लाल पेनानं गोल केला!

“आजी, हे फार छान आहे. पण पुरावा? कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर?”

म्हटलं, “माय वो, मी सांगून राहिली ना!”

“तुमच्या तोंडचं नाही चालत, आजी. छापलेलं पाहिजे.”

बरं, छापलेलं नाही असं बी नाही! चाळीस वर्षांआधी नागपूरचे एक प्रोफेसर आले, तीन दिवस आमच्या ओसरीत राहिले, माझ्या हातचा भात खाल्ला, अन् मी बोलत गेली, ते लिहीत गेले. त्याचं पुस्तक झालं. म्हणजे बोलली मी, पाणी माझ्या गावचं, पण माझ्या तोंडात होतं तवा ते गप्पा, अन् पुस्तकात जाऊन बसलं तवा ते पुरावा! ठीक हाये बापा, म्हटलं, दाखवते पुस्तक. तर कपाटातलं उधईनं खाल्लं, अन् राहिलेलं एकुलतं एक ते ई-लायब्ररीत! केशोरावनं एका बोटानं टकटक करून नाव टाकलं, अन् पडद्यावर आलं, “हे पुस्तक सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे.”

आता सांगा, माथा फिरन का नाही?

“कॉलेजनं एकाच वाचकाचं लायसन घेतलं हाये, शामकलाबाई,” केशोराव म्हणे. “एकानं उघडलं का दुसऱ्याले भेटत नाही.”

“अन् तो कवा सोडन?”

“सोडन तवा.”

“धरून कवापासून बसला?”

केशोराव एकदम हळू आवाजात, “पंधरा ऑगस्टपासून...”

अन् चालू जानेवारी! पाच महिने एकच पुस्तक वाचणारा विद्वान आपल्या गोंदिया जिल्ह्यात राहून राहिला, अन् मले पत्ता नाही? म्हटलं, नाव सांगा त्याचं, पहिले पाया पडते, मंग गचांडी धरते! केशोरावनं नुसतं बोट दाखवलं... प्राचार्यांच्या खोलीकडे.

गेली मी. आत पाहते तर काय! टेबलावर कम्प्युटर, त्याच्या कपाळाले हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, वाळून पापड झालेला, बाजूले नारळ, अन् पडद्यावर माझं पुस्तक! पण नुसतं मुखपृष्ठ. उघडलेलं नाहीच!

“अरे बाई, हात मत लगाओ!” प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले. “ई-लायब्ररीचं उद्घाटन झालं, तेव्हा पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं हे पुस्तक काढलं. आपल्या भागातलं आहे ना! सोमवारी तपासणी समिती येते, त्यांना असंच्या असं दाखवायचं आहे.”

“पाहुण्यानं वाचलं?”

“नाही... टाळ्या झाल्या, मग जेवण होतं.”

“मंग मी वाचते ना सर, पान उलटवून लगेच जाते!”

“पान उलटवलं की पासवर्ड मागतं. पासवर्ड ही ई-लायब्ररी बसवणाऱ्या रायपूरच्या एजन्सीवाल्याकडे, आणि तो फोन उचलत नाही. मग हे मुखपृष्ठही जाईल! समितीला काय नारळ दाखवू?”

अकरा वेळा फोन लावला मी त्या एजन्सीवाल्याले, अकरा! नुसती घंटी वाजते अन् बंद होते. भांडून झालं, मंग, तुमाले खोटं कायले सांगू, मी हात जोडले. या बाईनं जन्मात सासऱ्यापुढं बी जोडले नाही ते हात त्या मशीनपुढं जोडले! समोर ते मुखपृष्ठ, अन् त्याच्या आत मी... अठ्ठावीस वर्षांची मी, ओसरीत बसून बोलून राहिली, अन् मलेच मी भेटत नाही! काय मांगून राहिली मी? एका पानाचा नंबर!

पावणेपाचले बिसेन मॅडम धावत आल्या, रडकुंडीले आलेल्या. “आजी, ती एक तळटीप कोरी आहे, कोरी असली तर मला घेताच येत नाही! तुम्ही ते वाक्यच काढून टाका ना!”

काढून टाकू? शेवटच्या बांधीचं पाणी काढून टाकू? शंभर वर्षं ज्या पाण्यावर कोनी डाका टाकला नाही, ते मी पावणेपाच वाजता पेनानं खोडू, काऊन का रायपूरचा माणूस फोन उचलत नाही? घेतला पेन. तळटीपेत लिहिलं पुस्तकाचं नाव, प्रोफेसरचं नाव, अन् पानाच्या नंबराच्या जागी ठोकून देला माझा मोबाईल नंबर, दहाच्या दहा आकडे!

मॅडमनं वाचलं अन् डोक्याले हात लावला. प्राचार्यांनी वाचलं अन् ओरडले, “ऐसा नहीं चलता, बाई! तळटीपेत कोणी फोन नंबर देतं का? सोमवारी समितीनं हे काय म्हणून विचारलं, तर मी काय सांगू?”

मी चप्पल पायात घातली, वही मॅडमच्या हातात देली, अन् म्हटलं, “सांगा का सर, आमच्या कॉलेजात पुस्तक उघडत नाही, अन् म्हातारी बंद होत नाही.”